साधना राखोंडेची झमकू

साधना राखोंडेला पाहायला अकरा मुलं येऊन गेली आणि अकराही जणांनी पोहे संपवले. नकार मात्र आपापल्या घरी पोचल्यावर फोनवरून कळवला. कोणाची पत्रिका जुळली नाही, कोणाच्या आजीची तब्येत बिघडली. एकाला म्हणे अजून शिकायचं होतं. तो चौतीस वर्षांचा होता.

तिच्या वडिलांची, वामनराव राखोंड्यांची, बार्शीटाकळीजवळ दोन एकर बागायती. वांगी, मेथी आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या घेऊन तिची आई माणिकबाई सकाळी अकोल्याच्या भाजीबाजारात बसायच्या. साधना अमरावतीला बी.कॉम. झाली आणि तिथेच एका कोचिंग क्लासच्या काउंटरवर नोकरीला लागली. मुलगा नापास झाला की पालक मास्तरांकडे जायच्या आधी काउंटरवर ओरडून घेत. तीन वर्षं ओरडा खाल्ल्यावर समोरच्याचं तोंड उघडायच्या आत त्याचं पुढचं वाक्य ओळखायची कला तिला साधली. ही कला पुढे आपल्याला कुठे नेणार आहे, याची तिला काही कल्पना नव्हती.

अकरावा नकार आल्यावर वामनरावांनी तिचं नाव समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्यात घातलं. मेळावा अकोल्यात, मंगल कार्यालयात. डाव्या हाताला मुली, उजव्या हाताला मुलं, आणि मधे मुलांच्या आया, हातात परिचय पुस्तिका आणि पेन्सिल. मुलगी मंचावर आली की पुस्तिकेत बरोबर किंवा फुली. मंडळाचे अध्यक्ष उत्तमराव स्वतः माइकजवळ उभे होते. त्यांचा मुलगा मनोजही त्या वर्षी उमेदवार होता, आणि उत्तमरावांच्या बायकोने साधनाच्या नावापुढे आधीच बारीकसं बरोबर करून ठेवलेलं होतं.

साधनाच्या आधी चाळीस मुली येऊन गेल्या. चाळीसही जणींनी मान खाली घालून नाव, शिक्षण, उंची आणि 'अपेक्षा निर्व्यसनी' एवढं सांगितलं. साधना माइकसमोर आली. पहिल्या रांगेतल्या बायकांची तोंडं पाहिली आणि त्यांची पुढची वाक्यं तिला ऐकू आली.

"मी साधना वामनराव राखोंडे," ती म्हणाली. "पुस्तिकेत माही उंची पाच फूट तीन इंच छापली हाये. त्यातले दोन इंच बाबाचे हायेत. त्यायनं प्रेमानं देल्ले."

मागून कोणीतरी खुदकन हसलं.

"रंग गव्हाळ लिहिला, पण गहू कोणता ते नाई लिहिलं. खपली गहू हाये. अजून खपली नाई."

आता उजवी बाजूही हसायला लागली.

"आतापर्यंत अकरा जण पाहून गेले. चालून दाखव म्हणे, म्या चालून दाखवलं. गाणं म्हण म्हणे, म्हटलं. सुईत दोरा ओव म्हणे, ओवला. आता इथी दीडशे पोट्टे बसून हायेत. एकानं तं सुईत दोरा ओवून दाखवा, मी आत्ताच्या आत्ता हार घालतो!"

कार्यालय असं हसलं की आचारी झारा हातात घेऊन बाहेर आला. उत्तमरावांनी तिच्या हातातून माइक ओढून घेतला. "हा समाजाचा मंच आहे, इथे थिल्लरपणा चालणार नाही," असं ते गरजले. त्यांच्या बायकोने पर्समधून खोडरबर काढला.

आठ दिवसांत मंडळाने ठराव केला की उमेदवार मुलींनी मंचावर विनोद करू नये. मुलांबद्दल ठरावात काही नव्हतं, कारण मुलांवर तसा आरोपच कधी आलेला नव्हता. तोवर कोणीतरी केलेला व्हिडिओ आठ लाख लोकांनी पाहिला होता. बाजारातल्या बायांनी माणिकबाईंना तो त्यांच्याच दुकानापुढे उभं राहून दाखवला.

"अकरा आले तं मी चहा पाजू पाजू थकलो," माणिकबाई म्हणाल्या. "आता आठ लाख आले. यायले काय पाजू?"

वामनराव दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी वांग्याच्या वाफ्यात उभे असताना त्यांनी विचारलं, "ते दोन इंचाचं तू लोकायसमोर काहून सांगतलं?"

"चुकलं काय, बाबा?"

"चुकलं म्हणजे... म्या दीडच लिहिले होते. छापणाऱ्यानं अर्धा वाढवला."

तिथून साधनाचं गाडं सुटलं. अमरावतीत गाडगेनगरच्या एका कॅफेत बावीस खुर्च्या मांडून तिने पहिला कार्यक्रम केला. बावीसपैकी नऊ खुर्च्यांवर कोचिंग क्लासचे नापास झालेले विद्यार्थी होते. मग नागपूर, मग पुणे, मग मुंबई. पाहुण्यांवर ती बोले, पोह्यांवर बोले, पुस्तिकेतल्या फोटोंना लावलेल्या पावडरीवर बोले. अमरावतीत लोक विनोदाला हसत. पुण्यात मात्र एक गंमत झाली. ती नुसतं "मले" म्हणाली आणि लोक हसले. विनोद अजून यायचाच होता. साधनाला ते खटकलं. हे हसू तिने कमावलेलं नव्हतं. पण फुकट मिळालेलं हसू परत करायची कुठे सोय नसते. पुढच्या खेपेला तिने "मले" दोनदा म्हटलं.

याच पुण्याच्या कार्यक्रमाला एका मराठी वाहिनीची आचल नावाची अधिकारी आलेली होती. गोरीपान, केस सरळ केलेले, मराठी इतकं स्वच्छ की वाक्याला इस्त्री केल्यासारखं. तिने साधनाला 'लिफ्ट बंद आहे' नावाच्या नव्या विनोदी मालिकेत घेतलं. ठाण्याची एक सोसायटी, चौथा मजला, सुखवस्तू कुटुंब आणि त्यांच्याकडे वऱ्हाडातून आलेली कामवाली, झमकू. झमकूला लिफ्टची भीती वाटते, मिक्सरची भीती वाटते आणि इंग्रजी ऐकलं की ती बेशुद्ध पडते.

पहिल्या वाचनाला साधनाने आपला संवाद हातात घेतला आणि म्हणाली, "यात लिहिलं हाये, 'मी लई दमली ना बाप्पा'. आमच्याकडे 'लई' नाही म्हणत, 'लय' म्हणतात. आणि बाई असली तरी 'मी थकलो' म्हणते."

लेखक पुण्याचे होते आणि त्यांनी वऱ्हाडी भाषेचा अभ्यास केलेला होता, म्हणजे ते एकदा शेगावला जाऊन आले होते. ते मायेने हसले. "बाईच्या तोंडी 'थकलो'? प्रेक्षक गोंधळतील हो. आपल्याला वऱ्हाडी हवी आहे, पण समजेल अशी."

मग मेकअप आला. साधनाचा रंग दोन शेड गडद करण्यात आला. "तू स्क्रीनवर गावाकडची वाटतच नाहीस," आचल म्हणाली. साधनाने आरशात पाहिलं. आयुष्यभर पावडर लावून तिचा रंग उजळवायला बघणारी माणसं तिने पाहिली होती. उलट दिशेने मेहनत घेणारी प्रथमच भेटली.

सातव्या भागात मिक्सरचं झाकण उडतं आणि झमकू दोन्ही हात कंबरेवर ठेवून, मान कोंबडीसारखी पुढे-मागे करत ओरडते, "काहून बाप्पा, काहून!" बस्स. दोन आठवड्यांत महाराष्ट्रातली पोरंटोरं कंबरेवर हात ठेवून फिरायला लागली. साबणाच्या जाहिरातीत साधना "काहून बाप्पा" म्हणाली, साड्यांच्या दुकानाच्या उद्घाटनाला म्हणाली, एका हृदयरोग तज्ज्ञांच्या परिषदेतही म्हणाली. वर्षाच्या शेवटी तिला सर्वोत्कृष्ट विनोदी व्यक्तिरेखेचं बक्षीस मिळालं. आभाराच्या भाषणात ती आईवडिलांचं नाव घेत होती, तेवढ्यात सूत्रसंचालक म्हणाला, "झमकू स्टाइलमध्ये होऊन जाऊ दे!" तिने डोळे पुसले आणि करून दाखवलं.

तीन वर्षं अशी गेली. स्वतःचा विनोद लिहायला तिला वेळ राहिला नाही, आणि वेळ राहिला नाही हे सांगायला मुलाखती मात्र पुष्कळ मिळाल्या. एकदा घरी फोनवर ती म्हणाली, "माय, आज लई दमली व."

पलीकडून माणिकबाई म्हणाल्या, "हे लई कुठून आलं व तुह्या तोंडात?"

साधनाने हसून विषय बदलला.

आचलचं बिंग त्याच सुमाराला फुटलं. सेटवर दुपारी दिवे गेले होते. पडद्यामागे आचल फोनवर बोलत होती, "माय, मी शूटिंगवर हावो न! कितीदा फोन करून राहिली? मामाले सांग, दिवाळीले येतो." साधना पुढे आली तशी आचलने फोन ठेवला आणि केस मागे सारले.

"कुठली तू?" साधनाने विचारलं.

"तशी नागपूर साइडची."

"साइड म्हणजे?"

"भातकुली," ती म्हणाली. भातकुली म्हणजे अमरावतीपासून अर्ध्या तासावर. तिथे साधनाचे मामाही राहत. साधनाने हा विषय कोणाकडे काढला नाही. झमकूचा मेकअप उतरवल्यावर आपणही पत्रकारांशी कोणत्या मराठीत बोलतो, ते तिला ठाऊक होतं.

आणि मग मंडळाचं पत्र आलं. यंदाचा मेळावा अमरावतीला, प्रमुख पाहुण्या म्हणून 'समाजभूषण' साधनाताई राखोंडे यांनी यावं अशी विनंती. खाली सही, उत्तमराव. साधनाने पत्र दोनदा वाचलं आणि तीन वर्षांत पहिल्यांदा वही उघडली. उत्तमराव, त्यांचा ठराव, त्यांच्या बायकोचा खोडरबर, सगळं घालून बारा मिनिटांचा मजकूर तयार केला. वाचून तिची तिलाच हसण्याची उकळी फुटली.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी ती भातकुलीला मामाकडे उतरली. मामेबहीण रागिणी एम.एस्सी. झालेली, चोवीस वर्षांची. तिलाही दुसऱ्या दिवशी मंचावर जायचं होतं. जेवण झाल्यावर दोघी अंगणात बसल्या.

"कितीक पाहुणे येऊन गेले?" साधनाने विचारलं.

"चार."

"सुईत दोरा ओवा लावला काय?"

"नाई. ते जुनं झालं," रागिणी म्हणाली. "आता तुह्यावालं करा लावते."

"माह्यावालं कोणतं?"

रागिणीने इकडेतिकडे पाहिलं, कंबरेवर हात ठेवले आणि मान पुढे-मागे केली. "चहा झाला का मुलाचा काका म्हणते, चला बेटा, झमकू करून दाखवा. सगळे हसते. म्या केलं का म्हणते, वा, पोरगी मोकळी हाये स्वभावानं. नाई केलं तं म्हणते, घमेंडी हाये. चारी ठिकाणी केलं, ताई. मायनं डोळे वटारले म्हणून. चौथ्याची माय घरी जाऊन म्हणे, पोरगी चांगली हाये, पण जरा त्या टीव्हीतल्या बाईवानी वाटते."



"एकट्या मलेच नाई, सगळ्यायलेच लावते," रागिणी समजूत घातल्यासारखी म्हणाली. "तू नको मनाले लावून घेऊ."

दुसऱ्या दिवशी कार्यालय खच्चून भरलं होतं. उत्तमरावांनी साधनाला शाल, श्रीफळ आणि तिचाच फोटो असलेलं स्मृतिचिन्ह दिलं. मग भाषण केलं. "साधनाताईंमधला कलावंत सर्वप्रथम कोणी ओळखला असेल, तर या मंचाने! त्यांच्या हातात पहिला माइक मी दिला, हे सांगताना माझा ऊर भरून येतो." मनोज मंडळाचा सचिव झाला होता आणि उमेदवारांच्या रांगेत अजूनही बसत होता. वाहिनीने चित्रीकरणाला माणसं पाठवली होती.

साधना उठली. बारा मिनिटांचा मजकूर तिच्या पर्समध्ये होता. उत्तमरावांच्या बायकोचा खोडरबर काढला असता तर कार्यालय हसलं असतं, उत्तमरावही हसले असते, शाल तिच्या खांद्यावर राहिली असती आणि संध्याकाळी कोणीतरी कुठेतरी पोहे खात एखाद्या मुलीला म्हटलं असतं, चला बेटा. तिने डावीकडे बसलेल्या मुलींकडे पाहिलं. मग उजवीकडे वळली.

"माह्यासंगं मंचावर झमकू कोण कोण करते?" तिने विचारलं. "मुलींनी हात वर करू नये. फक्त मुलं."

चाळीस हात वर गेले. टीव्हीवरच्या बाईशेजारी उभं राहायला कोण नाही म्हणणार? तिने चौघांना बोलावलं. पहिला पुण्याच्या कंपनीत इंजिनिअर होता. त्याने कंबरेवर हात ठेवून मोठ्या हौसेने "काहून बाप्पा" केलं. टाळ्या पडल्या.

"छान. आता चालून दाखवा," साधना म्हणाली. "बूट काढा. पाय दिसले पाहिजेत. ...हसा. नाही, दात दिसू द्या. केस खरे हायेत? ओढून पाहू काय?"

मुलगा हसत हसत सगळं करत गेला. मधल्या रांगेतल्या आयाही हसत होत्या. दुसऱ्याला तिने भाकरी येते का विचारलं, पगार चांगला आहे पण भाकरी येत नाही असं त्याने सांगितल्यावर मुलींच्या बाजूला वळून म्हणाली, "शिकवून घ्या लागन." तिसऱ्याला गोल फिरवलं आणि मागून पाहत म्हणाली, "फोटोत बारीक दिसत होता." इथे आयांचं हसू थांबलं. डावी बाजू आता कुठे हसायला लागली होती.

चौथा मनोज. तो कंबरेवर हात ठेवून उभा राहिला आणि मान हलवायला लागला. "अजून," साधना म्हणाली. "अजून हलवा. पाहुणे दुरून आले हायेत." तो हलवत राहिला. अडतीस वर्षांचा माणूस, सूट घातलेला, कोंबडीसारखी मान.

"माह्या पोराचा तमाशा करून राहिली तू!" त्याची आई उभी राहून ओरडली.

"मी कोठी, काकू?" साधना म्हणाली. "तो तं हसून करून राहिला. मोकळा हाये स्वभावानं."

मग रागिणीने टाळी वाजवली आणि डावी बाजू उठून उभी राहिली. उत्तमराव माइककडे निघाले होते, पण चित्रीकरण चालू आहे हे लक्षात येताच त्यांनी हात मागे घेतला आणि दात दाखवत म्हणाले, "वा, वा! काय प्रबोधन!"

वाहिनीला ते चित्रीकरण इतकं आवडलं की आचलने त्याचा भागच करायचं ठरवलं. झमकूला पाहायला पाहुणे येतात, ती त्यांना नाचवते आणि शेवटी पोह्यांच्या कढईत पडते.

"पडते काहून?" साधनाने विचारलं.

"कॉमेडी आहे ना."

"मी नाई पडत. आणि ते दोन शेड नको, 'काहून बाप्पा' नको. मी घरी बोलतो तसं बोलतो."

"प्रेक्षक रिलेट करणार नाहीत गं."

"तू भातकुलीची हायेस, आचल. तू करतेस ना रिलेट?"

"म्हणूनच सांगते," आचल म्हणाली. "मी तिथून इथवर आले ते तसं बोलून नाही आले."

पंधरा दिवसांत दादरची एक मुलगी झमकू झाली. तीच साडी, तेच दोन शेड. पहिल्या भागात मालकीणबाई म्हणाल्या, "झमकू, तू बारीक झालीस का गं?" आणि विषय संपला. लोकांनी कळवलं की ही नवीन जास्त अस्सल वऱ्हाडी वाटते. अकोल्याच्या एका वर्तमानपत्रानेही तसंच छापलं. मंडळाने पुढच्या मेळाव्यापासून 'वर सादरीकरण स्पर्धा' सुरू केली, विजेत्याला मिक्सर. उद्घाटन उत्तमरावांनी केलं. रागिणीला पाचवे पाहुणे आले तेव्हा तिने मुलाला "आधी तुम्ही" म्हटलं. त्याने झमकू करून दाखवलं. तिला काही तो पटला नाही. दुसऱ्या दिवशी मामांनी फोन करून कळवलं की मुलीला अजून शिकायचं आहे.

साधना पुन्हा उभं राहून बोलायला लागली. सुरुवातीचे महिने वाईट गेले. लोक येत, अर्धा तास वाट पाहत आणि मग मागून ओरडत, "बाप्पा कधी?" काही उठून जात. हळूहळू उठणारे कमी झाले. गेल्या रविवारी दुपारी अकोल्यात तिचा कार्यक्रम होता. चारशे खुर्च्या, तीनशे भरलेल्या, पहिल्या रांगेत माणिकबाई आणि वामनराव. ती आत साडीची निरी नीट करत होती, तेवढ्यात आचलचा फोन आला.

"ऐक ना, टीआरपी पडलाय. झमकूची मोठी बहीण आणतोय. गावाहून येते आणि झमकूला खरी वऱ्हाडी शिकवते. तूच हवीस."

"मेकअप?" साधनाने विचारलं.

"एकच शेड."

बाहेर तिचं नाव पुकारलं गेलं. "कळवतो," साधना म्हणाली आणि फोन ठेवून मंचावर गेली. माइक हातात घेऊन तिने तो फोन जसाच्या तसा सांगितला, आचलच्या इस्त्रीच्या मराठीसकट. 'एकच शेड'ला तीनशे माणसं पोट धरून हसली. वामनरावांनी चष्मा काढून डोळे पुसले. मागून कोणीतरी ओरडलं, "मंग तुमी काय म्हटलं, ताई?"

"म्या काय म्हणन?" साधना म्हणाली, आणि लोकांनी आपापल्या मनाने उत्तर धरून टाळ्यांचा कडकडाट केला. तिने वाकून नमस्कार केला. आपण नाही म्हटलेलं नाही, एवढं मात्र तिने त्यांना सांगितलं नाही.